दोन द्रवणांक

मार्चमध्ये सांगलीच्या प्रयोगशाळेची खिडकी उघडली
की मार्केट यार्डाकडची हळद आत येते,
पंख्याच्या पात्यांवर, जर्नलवर,
दस्तगीर शिकलगारमामांच्या भुवयांवर.
मगदूम मॅडम बजावून गेल्यात: हूड चालू राहू दे,
कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो.

फ्लास्कमध्ये जांभळा.
टेट्राफेनिलसायक्लोपेंटाडायीनोन.
नाव पाठ व्हायला विट्यापासून सांगलीपर्यंतची
अख्खी एसटी लागली,
रंग एका नजरेत पाठ.
वरून थेंब थेंब नायट्राइट,
आणि उकळीत कुठेतरी बेंझाइन जन्मतं.
ते कुणी बाटलीत भरलेलं नाही,
लेबल चिकटवेपर्यंत ते टिकत नाही.
जांभळ्याला जाऊन भिडतं,
बुडबुडे उठतात,
रंग निघून जातो.

वाटलं, घालवलं मी सगळं.
"बिघडलं न्हाई," मामा परीक्षानळ्या पुसत म्हणाले,
"रंग गेला म्हंजे झालं."

मिथेनॉल ओतलं, बर्फात ठेवलं.
तळाशी पांढरे कण, वरीच्या कण्यांएवढे.
पोटात डांबरगोळीचीच दोन वलयं,
एका अंगाला चार फेनिल लगडलेले,
पण ट्रंकेतल्या शालूचा तो वास नाही.
पाण्यात घातलं तर पाण्याला पत्ताच नाही.

केशनलिकेत चिमूटभर. तेल तापत गेलं.
एकशे सत्त्याण्णवला कण ओले झाले,
ढासळले, काचेत काच.
मी आकडा लिहिला, नळी फेकायला उचलली.
मामांनी हात आडवा घातला.
"निवू दे. परत लाव."

निवलं. गोठलं. परत पांढरं.
परत तेल.
एकशे सत्त्याण्णव आलं आणि गेलं, ते हललं नाही.
दोनशे.
दोनशे तीन.
चारला सुटलं.

मामा सातवी पास.
पुरात भांडार बुडालं त्या साली
सगळी लेबलं कृष्णेनं नेली,
आणि सव्वीस दिवस, मॅडमच्या शेजारी स्टुलावर बसून,
बाटलीबाटलीतलं चिमूट वितळवत
त्यांनी नावं माघारी आणली.
"एक बाटली दोन आकडे सांगायची.
म्हटलं, खोटी हाय.
मॅडम म्हणाल्या, न्हाई ओ मामा,
हिचे स्फटिकच दोन तऱ्हेचे."
मग थोडं थांबून,
"तीन रात्री झोप न्हाई मला, त्या बाटलीपायी."

जर्नलात 'द्रवणांक' या शब्दापुढे
एकाच आकड्यापुरती रेघ छापलेली.
मी दुसरा समासात लिहिला,
शेजारी अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला,
तो खोडरबरानं गेला नाही.