हातचा

मारिबोरमध्ये रात्रीचे अकरा, म्हणजे विल्नियसला बारा,
कॉर्कला दहा.
पडद्यावर पाच चौकटी, एकीत नुसतं छत दिसतंय.
स्काइस्ते लॅपटॉप तसाच उताणा ठेवून
चहा करायला गेलीय.

आठवडाभर आमचं भांडण स्वल्पविरामावर.
डर्व्हला दशांशाला टिंब देते, आम्ही बाकीचे स्वल्पविराम,
आणि त्या एवढ्याशा शेपटीपायी
साडेएकसष्ट तासांचे सहाशे पंधरा झाले.
सोमवारी मी ते पकडलं. शंका आली ती अशी, की
पार्किंगमध्ये पंचवीस दिवस उभा असलेला ट्रक
कुणीतरी पाहिला असता.
मग वाटलं, साडेएकसष्ट तास तरी
कुणी कुठे पाहिला?

आम्ही मोजतोय महामार्गांच्या कडेला
केबिनमध्ये, झोपेत मेलेले ड्रायव्हर.
सहा देश, चार वर्षं, अकरा तऱ्हेच्या फायली,
त्यातल्या दोन फॅक्सने आलेल्या, तिरक्या.

ओळ दोनशे चौदा.
जर्मन फायलीत तो तुरकानू. नैसर्गिक मृत्यू, प्रकरण बंद.
शिवाय सक्तीच्या विश्रांतीत मेला,
म्हणजे कामावर नव्हता,
म्हणजे कुणाचंच काही लागत नव्हता.
लिथुआनियात, जिथे कंपनीची पाटी आहे,
तिथल्या संगणकाला पहिलं अक्षर वाचता आलं नाही.
आधी एक प्रश्नचिन्ह, मग नुसतं 'उरकानू'.
शेरा: करार संपला.
रोमानियात, बोतोशानीच्या दप्तरात, तो नीट आहे,
त्सुरकानू नेकुलाई, अक्षराखालच्या टिकलीसकट,
पण मेला परदेशात, म्हणून तिथल्या बेरजेत नाही.

एका टिकलीपायी तीन माणसं झाली
आणि तिघांपैकी एकही मेला नाही.

स्काइस्तेने नंबरप्लेटवरून तिघांना एका ओळीत बसवलं.

ट्रक बोलत होता, हे त्यानंतर कळलं,
कोर्टातल्या एका खोक्यातून.
दर दोन मिनिटांनी तो काउनसच्या ऑफिसला कळवत होता:
वेग शून्य. वेग शून्य.
एक हजार आठशे पंचेचाळीस वेळा.
उलट निरोप एकच, सोमवारी सकाळी:
आटपा, कोलोनला माल खोळंबलाय.

लेनुत्साला फोन इलिंकाने लावला.
मी ऐकत होते, रोमानियन येत नसूनही.
इलिंका तयारीने बसली होती: कागद, वकील,
भरपाईचा दावा कुठल्या देशात लागतो.
बाईने सगळं ऐकून घेतलं. मागे कोंबड्या.
मग तिने एकच विचारलं,
आणि इलिंका थोडी थांबून आमच्याकडे वळली:
ती म्हणतेय, हीटर चालू होता का?

फेब्रुवारी. उणे नऊ.
मी तक्ता वर-खाली केला. असल्या प्रश्नासाठी
आम्ही रकाना आखला नव्हता.
पण डिझेलची पातळी होती. इंजिन बंद,
आणि टाकी चमचा-चमचा उतरतेय,
शुक्रवारची रात्र, शनिवार, अख्खा रविवार,
उशाशी कुणी जागत बसावं तशी.
"हो," मी म्हटलं. "शेवटपर्यंत. आत ऊब होती."
"बिने," ती म्हणाली.
तेवढा शब्द मलाही कळला.
मग तिने फोन ठेवला; भरपाईचं राहूनच गेलं.

आता स्काइस्ते कप घेऊन चौकटीत परतलीय.
डर्व्हलाला एकूण आकडा हवाय, मथळ्यासाठी.
यंत्राने बेरीज केव्हाच करून ठेवलीय,
तरी मी कागदावर पुन्हा मांडतेय, पेन्सिलीने,
शाळेत बाईंनी शिकवलं तशी, उजवीकडून डावीकडे,
वर बारीक अक्षरात एक लिहून.
सहाही देशांचं गणित चोख आहे.
फक्त हा वरचा एक
प्रत्येकाने शेजाऱ्याच्या वहीत आहे असं धरलं.

"किती लिहू?" डर्व्हला विचारते.
थांब, मी म्हणते,
हातचा राहिलाय.