मुदतीत हरकत आली नाही

आज तिसऱ्या वर्षाच्या पोरांना
मौन शिकवलं.
साडेपाचची बॅच, शाहूपुरी,
खाली गुळाचा ट्रक मागे घेताना
हमाल ओरडतोय, येऊ दे, येऊ दे.
फळ्यावर लिहिलं :
राष्ट्राला तोंड नसतं,
म्हणून त्याचं गप्प बसणंही वाचावं लागतं.

एका देशानं नकाशा छापला,
डोंगरावरचं देऊळ रेषेच्या आत ओढलं
आणि शेजाऱ्याला पाठवून दिला.
शेजाऱ्यानं आभार मानले,
वर आणखी पंधरा प्रती मागवल्या.
पन्नासेक वर्षांनी तो भांडायला उठला
तेव्हा न्यायालय म्हणालं,
बोलायचं तेव्हा बोलला नाहीत.

पोरं हसली.
पंधरा प्रतींवर दर वर्षी हसतात.

नुसतं गप्प बसून भागत नाही, मी म्हणालो.
गोष्ट कळलेली असावी लागते,
बोलायला सवड मिळालेली असावी लागते,
आणि प्रसंग असा, की शहाणा माणूस बोललाच असता.

शेवटच्या बाकावरून तनुजा नेजदार :
सर, आणि बोलून उपयोग नाही
हेही कळलेलं असलं तर?

परीक्षेला येत नाही, म्हणालो.

रंकाळ्याच्या कडेनं स्कूटर सावकाश घेतली.
कळंब्याची सव्वीस गुंठे.
बापू गेल्यावर वाटपाचा कागद मीच लिहिला,
अक्षर माझंच बरं घरात.
हौसाक्काच्या नावापुढं शून्य.
नोटीस कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीला गेली,
पोचपावती परत आली,
तिरक्या कान्याची तिची सही तिच्यावर.
पंधरा दिवस.
तलाठ्यानं लिहिलं,
मुदतीत हरकत आली नाही,
सबब नोंद मंजूर.

त्या दिवाळीला भाऊबीजेची साडी पाठवली
ती तशीच परत आली.
पोस्टाचा शेरा : घेण्यास नकार.
पुढच्या वर्षीही.
त्याच्या पुढच्या वर्षीही.
बायको एकेक ट्रंकेत ठेवत गेली,
डांबराच्या गोळ्या घालून.
एकोणीस झाल्या.
एक आमसुली आहे, तिला नक्की आवडली असती.

सातत्यानं हरकत घेत राहिलेलं राष्ट्र
नियमानं बांधलं जात नाही,
असा एक धडा आहे, पुढच्या आठवड्यात.
तिथं मी नॉर्वेचं उदाहरण देतो.

सकाळी रमणमळ्याच्या पोस्टात गेलो.
पाकिटात साडी नव्हती,
सातबाऱ्याची नक्कल होती
आणि एक कोरा कागद.
त्यावर काय लिहावं ते रात्रभर सुचलं नव्हतं.

खिडकीतल्या पोरानं वजन केलं.
पोचपावती पाहिजे?

मी बघत राहिलो.

त्यानं पाहिजे असं धरलं
आणि पैसे कापून घेतले.