जोड

घुडूभाईंनी बॉनेट उघडलं
आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.
नारंगी जाड वायरी, त्यांना हात लावू नका
असं पुस्तकात लिहिलेलं.
"एका जुवाला दोन बैल, बाई.
एक कडबा खातोय, एक नुसता वारा."

चाळीस वर्षं हा माणूस अंबाजोगाईत
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला लावून
जिपांची दुखणी ओळखत आला.
म्हटलं, दुखत काहीच नाही.
विजेवरून पेट्रोलवर कधी जाते, तेवढंच कळत नाही.
"चला मग परळीला."

घाट उतरताना गाडी गप्प.
पाय उचलला की उतारच बॅटरीत भरायला लागतो.
"म्हंजे उताराचे पैसे मिळतेत?"
थोडे.

खाली औष्णिक केंद्राची धुरांडी.
रात्री मी अंगणात जो प्लग लावते
त्याचं दुसरं टोक कदाचित इथंच
कोळशात बुडालेलं.
घुडूभाईंचा मेव्हणा राखेच्या टिप्परवर होता,
ते तिकडं बघत नाहीत.

परतीला चढ. बॅटरी तळाला.
त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर डॅशबोर्डला टेकवला, डोळे मिटले.
"दाबा."
मोटरनं ओढलं, ओढलं,
मग कुठंतरी क्लचनं धरलं
आणि पेट्रोल बोलत होतं,
मघापासून तेच बोलत असल्यासारखं.
"परत."
तीनदा केलं. मागचा ट्रकवाला शिव्या देऊन पुढं गेला.

चौथ्या वळणावर त्यांचा फोन वाजला.
"हौ, आतौं. घाट में हूँ, बाई के संगात.
नक्को, खाना ढांक के रखो, अन् बारक्याला म्हनावं
शटर निम्मंच वढ, मैं आके देखतौं."

त्या एका वाक्यात मी
कन्हेरवाडीपर्यंत अडकून पडले.

"जोड हाय," ते म्हणाले, स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालत,
"पन ज्यानं घातला त्यानं लई घासलाय."
पैसे विचारले तर,
"नुस्तं ऐकायचे कुठं घेत असतेत व्हय."

पुस्तकात असंही आहे:
महिनोन् महिने विजेवरच हिंडलात
तर एखाद्या सकाळी इंजिन आपणहून सुरू होईल,
टाकीतलं पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून.
घाबरू नये.

घरी आले तर लाईट गेलेली.
तरी प्लग लावून ठेवला.