आधी गोड

ब्रेड कालचा लागतो.
पद्मावतीच्या बेकरीत पाटी आहे,
'ब्रेड दाबून पाहू नये. ताजाच असतो.'
तिथे मी दर शनिवारी शिळा मागते
आणि गल्ल्यावरचे काका
सात पिढ्यांचा उद्धार केल्यासारखं बघतात.

ताजा दुधात पडला की विरघळतो,
हाती काही लागत नाही.
एक रात्र वाऱ्यावर काढलेला
नीट पितो, अंगात धरून ठेवतो.

रविवारी दोन वाडगे.
एकात अंडी, दूध, साखर, वेलची
आणि कणभर जायफळ, जे जुईला कळू द्यायचं नाही.
दुसऱ्यात अंडी, बारीक कांदा, मिरची,
कोथिंबीर काड्यांसकट, मिरपूड.
हा ओजसचा.
औंधला, त्याच्या आईकडे, असाच करतात.

पहिल्या रविवारी मी त्याला गोड दिला होता.
त्याने सगळा संपवला,
थँक यू म्हणाला,
आणि तीन ग्लास पाणी प्यायला.
मग श्रीरंगला विचारायला लावलं,
तिकडे मिरच्या किती घालतात?
मेसेज आला: दोन. बिया काढून.

तवा एकच.
म्हणून आधी गोड, मग तिखट.
उलट झालं तर साखरेला कांद्याचा वास लागतो
आणि माझी जुई ताटली सरकवते,
सहा वर्षांची सासू.

त्यामुळे व्हायचं काय,
ओजस कायम दुसरा.
लोणी तोवर तपकिरी झालेलं,
तव्याच्या कडेला साखरेचे काळे मणी,
ते चिकटायचे त्याच्याच पहिल्या तुकड्याला.
तो कोपरा मी मोडून स्वतः खायचे
आणि कुणाला काही बोलायचे नाही.

आज ठरवलं.
तळजाईवरून उतरलेली मंडळी
खाली दुधाच्या पिशव्या घेत उभी,
जुई झोपलेली,
ओजस ओट्याशी, पायात कालचेच मोजे.
दोन वर्षांत त्याने मला
कुठल्याच नावाने हाक मारलेली नाही.
बोलायचं असलं की समोर येऊन उभा राहतो.

मी तिखटाचा वाडगा पुढे ओढला.
"आधी माझं नको," तो म्हणाला,
"तिच्याला वास लागेल."
"लागू दे एक दिवस."
"मग ती रडणार. मग मला माझं अर्धं द्यावं लागणार."

आधी गोड, मग.
लोणी फुगलं, बसलं.
ब्रेड टाकला की आवाज येतो,
चर्र नाही, त्याच्या जरा अलीकडचा,
ओल्या कपड्यावर इस्त्री टेकवावी तसा.
उलथनं त्याच्या हातात दिलं.
पहिला फाटला. दुसरा अर्धा पालथा पडला.
तिसऱ्याला त्याने जीभ बाहेर काढली
आणि जमलं.

मग तिखट.
कोपऱ्याला काळा मणी चिकटून आला,
कांद्याच्या कुशीत साखर.
सवयीने माझा हात गेला.
त्याने ताटली मागे घेतली.
"तो मला आवडतो.
तू दर वेळी खाऊन टाकतेस."

मी काही म्हणायच्या आत
त्याने एक घास घेतला, थांबला,
तोंड वाकडं केलं.
मीठच घातलं नव्हतं मी.
तो स्टुलावर चढला,
वरच्या फळीवरून डबा काढला,
ज्यावर माझ्याच अक्षरात 'रवा' लिहिलंय
आणि आत मीठ असतं.
हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.