काल्टओफन : चार नोंदी

लाइपत्सिग, एकोणीसशे तेरा, जानेवारी.
चरित्रकोशाची मुद्रितं तपासत
मी क अक्षरापर्यंत आलोय,
आणि खोलीतली शेगडी आज कुणी पेटवलेली नाही.

काल्टओफन. शब्दशः, थंड चूल.
या आडनावाचे चौघे एका स्तंभात उभे,
पावसात एकाच वळचणीला आल्यासारखे.
ना नात्याचे, ना गोत्याचे.
चौघांच्या चुली वेगळ्या.

मेल्खियोर, चित्रकार, ग्योरलित्सचा.
त्याला हात सुरेख जमत, चेहरे नाही,
म्हणून त्याचे संत कायम मान खाली घालून.
योब्स्ट, पंडित. हिब्रूचं व्याकरण बावीस वर्षं लिहीत होता;
‘परतणे’ या क्रियापदापाशी थांबला.
तिसरा तांब्यावर कोरणारा, नुसतं आद्याक्षर, एम.,
पुढे संपादकांची शंका : पहिलाच तर नव्हे?
मी ते प्रश्नचिन्ह दोनदा खोडलं,
दोनदा परत घातलं.

आणि आडेलगुंडे, गायिका.
एकतिसाव्या वर्षी आवाज गेला. मग बाउत्सेनला
भटारखान्यातल्या मुलींना शिकवायची,
शिकवणी पावात घ्यायची.
हिचं चित्र नाही, पत्र नाही.
दरबारी खर्चवहीत, मेणबत्त्यांच्या हिशेबाखाली,
एवढंच :
‘घशासाठी मध, बरण्या दोन.’

दुपारी वरून चिठ्ठी आली.
पुढच्या पानावरचा सरसेनापती फुगलाय,
काल्टओफनांतली एक ओळ काढा.

हातांची ओळ काढवेना.
क्रियापदाची तर मुळीच नाही.
मधावर पेन्सिल ठेवली, उचलली.
शेवटी आडेलगुंडेची शेवटची ओळ कापली :
कधी वारली, कुठे पुरली.

कोशाचा तो भाग बाहेर पडला.
नोव्हेंबरात बाउत्सेनहून एका पाद्र्याचं पत्र,
रागाने दोन ठिकाणी शाई फुटलेली :
‘आपल्या कोशाप्रमाणे ही बाई
अद्याप हयात आहे.
तिच्या थडग्यावरचं शेवाळ
मी स्वतः खरवडलेलं आहे, महाशय.’

मी उत्तर दिलं : चूक मान्य.
दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू,
ती पंधरा साली निघेल.

पाकीट पेटीत टाकलं. घसा बसला होता.
कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मध मागितला,
एक बरणी.
तो कागदात गुंडाळायला लागला
तेव्हा म्हणालो, दोन द्या.