मराठी आठ

वेकफिल्डला, बस डेपोच्या मागे, मेथडिस्ट चर्चचा हॉल.
जमिनीवर बॅडमिंटनच्या पुसट रेघा,
चहाचा आणि फिनेलचा मिळून एकच वास.
दर गुरुवारी साडेसातला आम्ही अकराजणी
इथं पोटं घेऊन येतो.

मी खरं तर शुगरमुळे आले.
डॉक्टर म्हणाली, चाला, पोहा, काहीतरी करा.
वारा इथला चालू देत नाही, पोहायला अंग दाखवावं लागतं,
म्हणून हे काहीतरी.
यात अंग दाखवावं लागतं का
हे मी फोनवर तीनदा विचारून घेतलं होतं.

नेवीन शिकवते. अलेक्झांड्रियाची.
दिवसभर बुटांच्या दुकानात
लोकांच्या पायांशी गुडघे टेकून बसते,
आणि संध्याकाळी उभी राहते ती अशी
की हॉलचं छत वर सरकतं.
विभावरी तिला म्हणता येत नाही.
"विब, गुडघे सैल. विब, पोट सोड."

पोट सोड?
बाई गं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
बाराव्या वर्षापासून मी पोट आत घेऊन उभी आहे,
फोटोत, मांडवात, पोहे देताना.
कानावर आलं ते पोटात ठेवलं,
सोसवलं नाही ते पोटात घातलं,
वरून पदर, मग कार्डिगन, मग कोट.
इतकं सामान भरलेलं कपाट
कुणी हलवून बघतं का?

पहिल्या दिवशी सगळं हललं, मीच नाही.
काळ्या खिडकीच्या काचेत अकरा बायका
कणीक मळताना परात सरकते तशा सरकत होत्या.
ग्लेनिस, बहात्तरची, म्हणाली,
"माझा डावा खुबा सरकारी आहे,
तो रांगेत नंबर आल्यावरच हलेल."
तहमीनानं उठून पडदे ओढले
आणि मग तिच्यासारखं कुणीच नाचलं नाही.

"कमरेनं आठ काढा."
बाकीच्यांचा निघाला दोन वाटोळ्यांचा,
गाठ मारल्यासारखा बंद.
माझा निघाला पाटीवरचा, ८,
वळसा घेऊन खाली उतरणारा
आणि उघडाच राहणारा.
"विब, पूर्ण कर."
पूर्णच आहे, म्हटलं, आमच्याकडे एवढाच असतो.
आणि धुक्या काचेवर बोटानं काढून दाखवला.
नेवीन बघत राहिली.
मग शेजारी तिनं तिचा आठ काढला, लहानपणचा:
दोन तिरप्या रेघा, नुसतं छप्पर.
"म्हणजे मीही तुम्हाला परकाच आठ शिकवते की!"
म्हणाली, आणि इतकी हसली
की पट्ट्यावरची नाणी आपोआप वाजली.

सिझेरियनच्या व्रणाजवळचा भाग
माझा सव्वीस वर्षं बधिर होता.
मार्चमधल्या एका गुरुवारी
थरथर शिकताना तिथं खाज सुटली.
तेवढीच. मुंगी चालावी तशी.
ज्याच्यामुळे तो व्रण, तो ब्रिस्टलला असतो, रविवारी फोन करतो;
त्याला काय सांगणार?
ह्यांनाही नाही सांगितलं.
हेही पोटातच ठेवलं,
पण हे ठेवणं निराळं,
सणाचा लाडू डब्यात मागे सारून ठेवावा, तसं.

शुगर? अजून काठावर आहे.
नेवीन म्हणते, सावकाश. मी म्हणते, हो.

परवा साडेनऊच्या बसमध्ये
पिशवीतून पट्ट्याचं एक नाणं निसटलं,
घरंगळत गेलं पार पुढे.
गणवेशाचा टाय सैल केलेला एक पोरगा
उचलून घेऊन आला. उलटसुलट केलं.
"यावर राजा नाही."
नाही, म्हटलं.
"मग हे चालतं कुठं?"
मी मुठीत धरलं. अजून गरम होतं.
"गुरुवारी," म्हटलं.