धर्मकाटा

मखमलीच्या डब्यात पितळेची वजनं,
दोन हातांत वीस-वीस किलोचं लोखंड.
अठ्ठावीस वर्षं मी सरकारचं खरं वाहिलं.
वजनमापे खात्याचा शिपाई, तितरमारे.
लांजेवार मॅडम पुढे, मी मागे.
जीपमध्ये डिझेल असेल त्या दिवशी कायदा,
नसेल त्या दिवशी
सिव्हिल लाइन्समध्ये कूलरला पाणी भरणं.

कॉटन मार्केटात फुलवंता उईकेच्या
पारड्याखाली चिंच चिकटवलेली सापडली.
"काहून वं बाई?"
म्हणे, "वाकडं हाय ना साहेब, म्हणून सरळ केलं."
खरंच वाकडं होतं.
पण यंदाचा शिक्का नव्हता,
पारडं जप्त, तडजोड शुल्क पाचशे.
पावती तिनं पदराच्या गाठीत बांधली
आणि वांग्यावर पाणी शिंपडत बसली.

मग कळमन्याच्या रस्त्यावरचा धर्मकाटा.
मिरचीचा ट्रक चढला की
बत्तीस किलो हवेत.
मीच मोजलं, एकेक लोखंड चढवत,
शर्ट पिळून निघेस्तोवर.
मॅडमनं पंचनामा लिहिला, अक्षर सुंदर त्यांचं.
नोटीस गेली. खुलासा आला. तारीख पडली.
तारखेला वकील, वकिलाला ताप,
तापाला पुढची तारीख.
तिसऱ्या वर्षी मॅडम गडचिरोलीला,
फाइल जिन्याखाली,
आणि काटा जिथल्या तिथं,
नवा रंग मारून.

घरी बायकोला सांगितलं सगळं.
ती म्हणाली, "तुमी जेवा आधी."

निवृत्तीच्या आदल्या मार्चात
आमचीच वजनं तपासायला गेली.
पाचशे ग्रॅमचं पितळ कमी भरलं,
मोहरीच्या दाण्याहूनही कमी, पण कमीच.
मीच पुसायचो ते रोज
बायकोच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं,
चकाकावं म्हणून.
त्याला ना नोटीस, ना वकील, ना ताप.
दुपारी बाराला तोललं, सव्वाबाराला बाद.
एवढा झटपट निकाल
उभ्या नोकरीत एकदाच पाहिला बाप्पा.

नवं वजन यायला पाच महिने लागले,
तोवर तपासण्या बंद.
त्यातल्याच एका रविवारी
पिशवी घेऊन कॉटन मार्केटात गेलो.
फुलवंतानं ओळखलं.
नवं पारडं उचलून धरलं डोळ्यांसमोर,
"पाहून घ्या साहेब, आता बरोबर हाय का?"

माझे दोन्ही हात रिकामे.
म्हटलं, "दे अंदाजानं."